तेरखेड्याचें मत

सोलापुराहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता धाराशिव मागें टाकून उत्तरेकडे निघाला, म्हणजे येरमाळ्याच्या पुढें वाशी तालुक्यांत तेरखेडा हें गांव लागतें. बालाघाटाच्या पठारावरचें हें गांव. पाऊस बेताचा, जमीन कोठें काळी तर कोठें मुरमाड. फटाके तयार करणारें गांव म्हणून त्याचें नांव दूरवर पोंचलें आहे. याच परिसरांतील डोंगररांगेंत तेरणा नदी उगम पावते. ती तेर या प्राचीन नगरावरून वाहत जाऊन मांजरेस मिळते, आणि मांजरेबरोबर तिचें पाणी पुढें तेलंगणांत गोदावरीला जातें.

इतिहासाच्या ग्रंथांत तेरखेड्याला स्वतंत्र प्रकरण नाहीं. किल्ले परांड्याच्या व नळदुर्गाच्या वांट्याला आले, देवस्थान तुळजापुराला लाभलें, जुन्या व्यापाराची कीर्ति तेरनें मिळविली. परंतु राजेरजवाड्यांचा इतिहास बाजूस ठेवून, सामान्य माणसाच्या हातीं मत कसें आलें हें पाहूं म्हटलें, तर असेंच एखादें गांव निवडणें योग्य ठरतें. कारण या गांवानें एक विलक्षण गोष्ट केली आहे. १९५२, १९५७ आणि १९६२ या तीन निवडणुकींत त्यानें तीन वेगवेगळ्या राज्यांच्या विधानसभांकरितां मत दिलें. पहिलें हैदराबाद राज्य, दुसरें द्विभाषिक मुंबई राज्य आणि तिसरें महाराष्ट्र. गांव मात्र जागचें तसूभरही हललें नव्हतें. आणि १९५२ च्या आधीं पिढ्यान् पिढ्या येथील साध्या शेतकऱ्याला कोणीं मत विचारलेंच नव्हतें.

विचारलें नव्हतें, या शब्दांचा अर्थ नीट ध्यानांत यावा म्हणून थोडें मागें गेलें पाहिजे. धाराशिवचा हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. निजामानें पोसावयाची, परंतु हुकूम मात्र इंग्रजांचा मानणारी, हैदराबाद कंटिंजंट नांवाची एक फौज होती. तिच्या खर्चाचें देणें थकलें, तेव्हां १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड, रायचूर दुआब आणि हा धाराशिवचा मुलूख कंपनी सरकारच्या स्वाधीन केला. त्या वेळीं जिल्ह्याचें ठाणें नळदुर्गास होतें आणि कारभारावर कॅप्टन मेडोज टेलर हा अधिकारी आला. ठगांच्या जीवनावरील त्याची कादंबरी इंग्रजी वाचकांस सुपरिचित आहे. पुढें १८५७ च्या धामधुमींत निजाम इंग्रजांशीं एकनिष्ठ राहिला. त्याचें बक्षीस म्हणून १८६० सालीं रायचूर व धाराशिव त्याला परत देण्यांत आले. कर्जापोटीं मुलूख गेला आणि बक्षिसादाखल परत आला. या देवघेवींत प्रजेची जागा गुराढोरांची होती; तीं शेताबरोबर जातात आणि शेताबरोबर येतात. पुढें जिल्ह्याचें ठाणें धाराशिवास आलें, आणि त्या शहराला व जिल्ह्याला उस्मानाबाद हें नांव मिळालें. सातवे निजाम मीर उस्मान अलीखान १९११ सालीं गादीवर आले. जिल्ह्यांतील बराच मुलूख सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामाच्या खासगीचा होता. त्या मुलुखाचा वसूल राज्याच्या खजिन्यांत न जातां राजाच्या खासगी खजिन्यांत जात असे.

हैदराबादेंत कायदे कौन्सिल नव्हतें असें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तें स्थापन झालें होतें. परंतु त्यांत भरणा सरकारी अधिकाऱ्यांचा, आणि बिनसरकारी सभासद थोडे. तेही जहागीरदार, वकील अशा मोजक्या वर्गांतले. कुळवाड्याला त्यांत स्थान नव्हतें.

याच काळांत नैर्ऋत्येस थोड्या कोसांवर काय चाललें होतें हें पाहण्यासारखें आहे. तेथें बार्शी तालुका लागतो. बार्शी सोलापूर जिल्ह्यांत, म्हणजे इंग्रजी अमलाखालीं होती. तेथें नगरपालिका एकोणिसाव्या शतकापासून होती, आणि बार्शी लाईट रेल्वेचा रूळ १९११ मध्यें निजामी मुलूख ओलांडून लातूरपर्यंत गेला होता. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ सालीं प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हां बार्शीच्या मतदारांनीं मुंबईच्या विधानसभेसाठीं मतें टाकलीं, आणि त्या निवडणुकीनंतर बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. तें मत सर्वांना नव्हतें. जमीनमहसूल, घरपट्टी, शिक्षण अशा अटींमुळें साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत सुमारें ३ कोटि लोकांनाच तो हक्क होता. तरीही हक्क होता. भाषा एक, सोयरीक एक, बाजार एक, पंढरीची वारी एक; पण सरहद्दीच्या एका बाजूचा शेतकरी मंत्रिमंडळ बदलूं शकत होता, आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच्याच व्याह्याला सभा भरवावयाची तरी परवानगी काढावी लागत होती. बार्शीच्या बाजाराला जाणारा माणूस ही तफावत पाहून परत येत असे. या भागांत राजकीय जागृति झाली ती पुस्तकांनीं जितकी झाली, तितकीच अशा बाजारच्या फेऱ्यांनीं झाली असावी.

त्याच १९३७ सालीं जून महिन्यांत परभणी जिल्ह्यांतील परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. उस्मानाबाद जिल्ह्यांत हिप्परगा येथें राष्ट्रीय शाळा १९२१ पासून चालू होती. तेथें शिक्षक म्हणून आलेले व्यंकटेश भगवान खेडगीकर पुढें स्वामी रामानंद तीर्थ या नांवानें संस्थानी चळवळीचे नेते झाले. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या मागणीचें सूत्र एकच होतें, तें म्हणजे जबाबदार राज्यपद्धति. राज्यकारभार करणारांनीं लोकांच्या प्रतिनिधींस जाब द्यावा, एवढाच त्याचा अर्थ. १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होते न होते तोंच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला आणि शेंकडों लोक तुरुंगांत गेले.

सरकारनेंही सुधारणांचा विचार चालविला होता. अरवमुडु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि १९३९ सालीं सुधारणा जाहीर झाल्या. ८५ सभासदांचें कायदेमंडळ, त्यांपैकीं निर्वाचित ४२. म्हणजे निम्मेही नाहींत. यापेक्षांही चमत्कारिक गोष्ट म्हणजे मतदारसंघ गांवांचे किंवा तालुक्यांचे नव्हते, धंद्यांचे होते. जहागीरदारांचे निराळे, पट्टेदारांचे निराळे, कुळांचे निराळे. व्यापारी, वकील, वैद्य, पदवीधर यांचे निराळे. शिवाय निर्वाचित जागांत हिंदु व मुसलमान यांची संख्या सारखी राखलेली होती. राज्याच्या सुमारें १ कोटि ६३ लक्ष लोकवस्तींत बहुसंख्य प्रजा हिंदु असल्यामुळें या समसमान वांटणीवर कडक टीका झाली. परंतु खरा दोष अधिक खोल होता. धंद्यावार मतदारसंघांत गांव म्हणून गांवाला तोंडच नसतें. विहिरीचें पाणी आटलें, तर तें पट्टेदाराचें, कुळाचें, सुताराचें आणि मजुराचें एकदमच आटतें. पण या योजनेंत त्या चौघांनीं चार निरनिराळ्या दारांशीं उभें राहावें, आणि ज्याला दारच नेमून दिलें नाहीं त्यानें बाहेर थांबावें, अशी व्यवस्था होती. युद्धामुळें ही योजना लांबली. १९४६ मध्यें थोड्याफार फेरफारानें निवडणुका घेण्यांत आल्या, तेव्हां नुकतीच बंदी उठलेल्या स्टेट काँग्रेसनें त्यांवर बहिष्कार घातला.

त्यानंतरच्या दोन वर्षांची हकीकत या जिल्ह्यांतील घराघरांतून सांगितली जाते. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, निजामानें विलीनीकरण नाकारलें, आणि रझाकारांचा जुलूम सुरू झाला. तेव्हां बार्शी, सोलापूर या बाजूला सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. पूर्वीं बाजारासाठीं जी वाट तुडविली जाई, ती आतां जीव वांचविण्यासाठीं तुडविली जाऊं लागली. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य सोलापूरच्या बाजूनें नळदुर्गावरून संस्थानांत शिरलें आणि १७ सप्टेंबरला निजामाच्या फौजेनें शरणागति पत्करली.

या विजयाला एक काळी बाजू आहे, आणि प्रामाणिक इतिहासाला ती झांकतां येत नाहीं. पोलीस कारवाईच्या वेळीं व नंतरच्या दिवसांत सुडाच्या भरांत निरपराध मुसलमान रयतेची मोठी हानि झाली. केंद्र सरकारच्या वतीनें पाहणीस गेलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें अधिकांत अधिक होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नमूद केले, त्यांत उस्मानाबाद होता. तो अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाहीं. आधीं एका बाजूचीं घरें जळलीं, मग दुसऱ्या बाजूचीं. अशा गांवांतून तीन वर्षांच्या आंत मतदारांची यादी करावयाची होती.

संस्थान गेलें म्हणून मत लगेच आलें नाहीं. आधीं जनरल चौधरी यांचा लष्करी अंमल झाला, नंतर एम. के. वेल्लोडी यांचें नेमलेलें सरकार आलें. या काळांत सर्फ-ए-खास मुलूख सरकारजमा झाला, १९४९ सालीं जहागिऱ्या बरखास्त झाल्या, आणि १९५० सालीं कूळकायदा झाला. सुधारणा मोठ्या होत्या. परंतु त्याही वरून आलेल्या होत्या. प्रजेनें निवडलेलें सरकार १९५२ सालींच आलें.

त्या पहिल्या निवडणुकीचें महत्त्व तिच्या यादींत होतें. २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाचें नांव एकाच यादींत आलें. हिंदूंची वेगळी आणि मुसलमानांची वेगळी अशी यादी नव्हती. जहागीरदाराची आणि कुळाची वेगळी नव्हती. गांवकुसाबाहेर राहणाऱ्याचें नांव पाटलाच्या नांवाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापलेलें होतें. राखीव जागा होत्या, परंतु त्या जागांसाठींही मतदान सर्वांचेंच होतें. तीन वर्षांपूर्वीं एकमेकांच्या भयानें गांव सोडून गेलेले लोक एका यादींत एकमेकांखालीं लिहिले गेले. ज्यांनीं ती यादी केली त्यांना याची जाणीव असो वा नसो, धाराशिवच्या इतिहासांत असा कागद पूर्वीं कधीं तयार झाला नव्हता.

यादी सर्वत्र निर्दोष झाली नाहीं. अनोळखी कारकुनाला आपलें नांव कसें सांगावें या संकोचानें पुष्कळ स्त्रियांनीं केवळ अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेंच सांगितलें. अशीं देशभरांतील, मुख्यतः उत्तरेकडील, सुमारें २८ लक्ष नांवें निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आदेशानें गाळावीं लागलीं. मत देण्याची रीतिही निराळी होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र, तिच्यावर त्याचें चिन्ह. मतदारानें पडद्याआड जावें आणि आपल्या पसंतीच्या पेटींत मतपत्रिका टाकावी. शिक्का मारण्याची गरज नव्हती. अक्षरशत्रु माणसाला बैलजोडी ओळखतां येत होती, एवढें पुरेसें होतें.

हैदराबादच्या १७५ जागांपैकीं काँग्रेसला ९३ मिळाल्या आणि बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. परंतु मराठवाड्यांत विरोधी आवाजही उमटला. शेतकरी कामकरी पक्षाचे उद्धवराव पाटील उस्मानाबादेहून निवडून गेले. पुढें मुंबईच्या विधानसभेंत आणि १९७७ सालीं लातूर मतदारसंघांतून लोकसभेंत पोंचलेले हे पुढारी आपल्या धारदार वक्तृत्वाबद्दल महाराष्ट्रभर ओळखले गेले. हैदराबादच्या त्या सभागृहांत उर्दू, तेलुगु, मराठी आणि कानडी अशा चार भाषांतून भाषणें होत. तेरणेचें पाणी जसें तेलंगणाच्या दिशेनें जाई, तसाच या मुलुखाचा शब्दही पूर्वेकडे, हैदराबादेस जात होता. फरक इतकाच कीं, आतां तो मोजला जात होता.

ही व्यवस्था पांच वर्षेंही टिकली नाहीं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानें मराठवाड्यांतील पुढाऱ्यांनीं एका मराठी राज्याची वाट धरली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले आणि मराठवाड्याचे पांच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यांत गेले. १९५७ सालीं मतदारानें दुसऱ्या विधानसभेसाठीं मत दिलें, तेव्हां त्याचा प्रतिनिधि गुजराती सभासदांच्या शेजारीं बसला. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालें. १९६२ सालीं २६४ जागांची विधानसभा निवडली गेली, आणि तोंपर्यंत निरनिराळ्या पेट्या जाऊन एकाच कागदावर शिक्का मारण्याची पद्धति आली होती. सभागृहाच्या जागा १९६७ सालीं २७० झाल्या, १९७८ सालीं २८८ झाल्या. राज्यें बदललीं तसे आंतले कोंडाळेही बदलत राहिले. १९८२ सालीं उस्मानाबादेंतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. पुढें वाशी व लोहारा हे दोन तालुके नव्यानें झाले.

मतदारसंघाची सीमा ही नकाशावरची निर्जीव रेघ वाटते, पण तिचे परिणाम सजीव असतात. कळंब मतदारसंघ अनुसूचित जातींसाठीं राखीव होता. तेथून १९९५ व १९९९ सालीं शिवसेनेच्या कल्पना नरहिरे निवडून आल्या आणि २००४ मध्यें त्या लोकसभेंत गेल्या. ज्या देशांत पहिल्या यादींतून लक्षावधि स्त्रियांचीं नांवें गळालीं होतीं, तेथें एका राखीव मतदारसंघानें स्त्रीला दोनदां विधानसभेंत पाठविलें, ही लहान गोष्ट नव्हे. २००८ च्या पुनर्रचनेंत ही राखीव जागा उमरग्याकडे गेली आणि परांडा मतदारसंघ परांडा, भूम व वाशी या तालुक्यांचा बनला. तेरखेडा आज त्यांत आहे.

या परांडा मतदारसंघाचा अलीकडील इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. १९९५ सालीं शिवसेनेची लाट मराठवाड्यांत आली, आणि ज्ञानेश्वर पाटील त्या वर्षीं व पुन्हां १९९९ मध्यें विजयी झाले. २००४, २००९ व २०१४ या तीन निवडणुका राष्ट्रवादी काँग्रेसचे राहुल मोटे यांनीं जिंकल्या. त्यांचे वडील महारुद्र मोटे यांनींही पूर्वीं या भागाचें प्रतिनिधित्व केलें होतें. २०१९ मध्यें शिवसेनेचे तानाजी सावंत यांनीं मोटे यांचा पराभव केला. त्यानंतर दोन्ही पक्ष दुभंगले, आणि २०२४ च्या निवडणुकींत हेच दोघे पुन्हां समोरासमोर आले. सावंत निवडून आले, परंतु केवळ १,५०९ मतांनीं. तीन तालुक्यांच्या मतदारसंघांत हें अंतर किती, तर एका मतदानकेंद्राच्या यादीएवढें. सामान्यतः एका केंद्राला हजार-दीड हजार मतदार जोडलेले असतात. तेव्हां त्या दिवशीं तेरखेड्यासारख्या एखाद्या मोठ्या गांवानें मन बदललें असतें, तर निकाल बदलला असता, हें म्हणणें अतिशयोक्तीचें ठरणार नाहीं.

मतानें सर्व कांहीं मिळालें असें कोणी म्हणणार नाहीं. पठारावर पाऊस अजून बेताचाच आहे. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणारीं गांवें या भागांत आहेत, आणि फटाक्यांच्या कारखान्यांत हात घालणाऱ्या मजुराच्या जिवाचा प्रश्न दर दिवाळीला पुढें येतो. मत हें पावसाचें काम करीत नाहीं. परंतु पाऊस पडला नाहीं तर जाब कोणाला विचारावयाचा, याला आतां उत्तर आहे, आणि १८५३ सालीं, १८६० सालीं किंवा १९३९ सालीं तें नव्हतें. खुद्द जिल्ह्याचें नांवही २०२३ मध्यें पुन्हां धाराशिव झालें. त्या निर्णयावर मतभेद झाले, वाद न्यायालयापर्यंत गेला. पण वाद घालतां आला, हेंच पूर्वींच्या काळीं शक्य नव्हतें.

आणि बार्शी? एके काळीं जी परमुलूख होती, जेथें जाऊन लोकांनीं मतदान पाहिलें आणि पुढें जेथें आसरा घेतला, ती बार्शी आजही सोलापूर जिल्ह्यांतच आहे. परंतु लोकसभेच्या निवडणुकींत बार्शी आणि परांडा हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ एकाच उस्मानाबाद मतदारसंघांत येतात. सरहद्दीच्या अलीकडला आणि पलीकडला असे दोघे व्याही आतां एकाच दिवशीं, एकाच जागेसाठीं मत देतात.